शब्दांच्या मधली जागा

शुद्धलेखनाच्या वह्या तपासायला घेतल्या, की मला हमखास काहीतरी गंमत सापडते. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, पाचवीचा वर्ग. एकदा 'मी नाशिकला जाते' असं वाक्य सांगितलं, तर एका मुलीनं लिहिलं, 'मीना शिकायला जाते.' सगळे हसले. पण भरभर म्हणून पाहा बरं! दोन्हींत 'मीनाशिक' एवढं अगदी एकच आहे. लिहिताना आपण दोन शब्दांमध्ये जागा सोडतो, बोलताना नाही. बोलणं म्हणजे एकसारखी धार. तिचे शब्द ऐकणाऱ्याचं मन पाडतं, आणि इतक्या झटपट, की ते काम आपण करतो आहोत याचा पत्ताही लागत नाही.

हे काम किती अवघड आहे, ते कळलं आमच्या धाकट्या जाऊबाईंमुळे. ती म्हैसूरकडची, माहेरी कन्नड. लग्नाआधी बिचारी पुस्तकावरून मराठी शिकून आली. चिठ्ठीत लिहून दिलं तर सगळं समजायचं. पण स्वयंपाकघरात कोणी 'अगं तो भात आण आणि ताटं घे' म्हटलं, की जागच्या जागी उभी! सासूबाईंना वाटे, ही ऐकून न ऐकल्यासारखं करते. मग त्यांचा आवाज चढे. आवाज चढला की ती आणखी बावरे. शेजारणींपाशी 'धाकटीला आम्ही काही पसंत नाही' इथवर मजल गेली. भाऊजी वेगळं बिऱ्हाड करायच्या गोष्टी बोलू लागले. एका दुपारी ती माझ्यापाशी रडली. म्हणाली, "अक्का, तुम्ही सगळे एकच लांब शब्द बोलता. तो कुठे तोडू?"

मला ते वाक्य लागलं. मग मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. १९९६ साली अमेरिकेत संशोधकांनी ८ महिन्यांच्या बाळांना एक खोटी भाषा ऐकवली होती. 'बिडाकू', 'पाडोटी', 'गोलाबू' असले बिनअर्थाचे शब्द, मध्ये जराही न थांबता, एकाच सुरात. फक्त २ मिनिटं. तेवढ्यात बाळांना त्यातले शब्द वेगळे ओळखू येऊ लागले! कसे? तर कोणत्या आवाजामागून कोणता येतो, याचा हिशेब त्यांच्या मनात बसतो. आपल्या घरातलंच बघा ना. 'दूध पी', 'दूध दे', 'दूध सांडलं'. 'दू'च्या मागे दर वेळी 'ध' येतो, पण 'दूध'च्या मागे काहीही येतं. म्हणजे शिवण तिथे आहे, हे पाळण्यातल्या बाळाला कळतं.

असा हिशेब आपण जन्मापासून करत आलो. जाऊबाईंनीही केला, पण कन्नडचा. कन्नडमधले बहुतेक शब्द स्वरात संपतात. बस, कारसुद्धा तिथे 'बस्सु', 'कारु' होतात. आपले भात, ताट, घर तसेच व्यंजनावर थांबतात. त्यामुळे 'भात आण'चं 'भाताण' झालं, की तिचा कान शिवण भलतीकडेच शोधायचा. परकी भाषा आपल्याला नेहमी फार वेगानं बोलल्यासारखी वाटते, त्याचं एक कारण हेच. शिवणी दिसत नाहीत.

सासूबाईंना हे सांगायचं कसं? मग मला त्यांच्या माहेरच्या जमिनीचे मोडीतले कागद आठवले. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. म्हटलं, "आई, तुमचे आजोबा ते कागद घडाघडा वाचायचे ना? तुम्हाला येतात का वाचता?" "छे गं, कुठला शब्द कुठे संपतो तेच कळत नाही." "तिलाही आपलं बोलणं मोडीसारखंच ऐकू येतं." सासूबाई गप्प राहिल्या. पण दुसऱ्या दिवशीपासून त्यांचा आवाज खाली आला.

मग आम्ही घरात चार गोष्टी ठरवल्या. पहिली, आधी नाव घ्यायचं आणि क्षणभर थांबायचं. (६ महिन्यांचं बाळसुद्धा स्वतःच्या नावापाठोपाठ आलेला शब्द चटकन पकडतं, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं.) दुसरी, एका वाक्यात एकच काम सांगायचं. तिसरी, कळलं नाही तर तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणायचं. दर वेळी नवं वाक्य केलं, तर तिला पुन्हा पहिल्यापासून शिवण शोधावी लागते. चौथी, ओरडायचं नाही. ओरडल्यानं आवाज मोठा होतो, मधली जागा काही वाढत नाही.

चार-पाच महिन्यांत फरक पडला. वेगळ्या बिऱ्हाडाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. परगावची सून, परप्रांतातली शेजारीण, वर्गात नव्यानं आलेलं दुसऱ्या बोलीचं मूल, यांना 'मंद' किंवा 'आगाऊ' म्हणण्याआधी आपण एकदा हळू, तुटक बोलून पाहावं. एवढं तर प्रत्येकीला जमेल, नाही का?

आता जाऊबाई माझ्याहून भरभर मराठी बोलते. म्हैसूरहून तिच्या आईचा फोन आला, की सासूबाई आवर्जून दोन शब्द बोलतात. त्यांचा पहिला शब्द ठरलेला असतो, 'निधान'. कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'सावकाश'.