गुमीची सुवर्णपदकं आणि आमच्या वसतिगृहांची मैदानं

मे २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा झाली. भारताला २४ पदकं मिळाली, त्यात ८ सुवर्ण, १० रौप्य आणि ६ कांस्य. पदकतालिकेत चीननंतर आपलाच क्रमांक. इकडे आयपीएल शेवटच्या टप्प्यात होती, त्यामुळे वर्तमानपत्रात या पदकांना जेमतेम दोन रकाने आले. आमच्या धाराशिवच्या कट्ट्यावर तर त्याहून कमी. पण ही आठ सुवर्णपदकं कुणाच्या घरात गेली ते एकदा नीट बघा.

तीन हजार मीटर स्टीपलचेस अविनाश साबळेने ८ मिनिटं २०.९२ सेकंदांत जिंकली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. आईवडील वीटभट्टीवर राबले आणि पोरगं सहा किलोमीटर चालत शाळेत गेलं. या शर्यतीत आशियाई अजिंक्यपदाचं सुवर्ण याआधी १९८९ साली दीना राम यांनी आणलं होतं. म्हणजे ३६ वर्षांनी ते परत आलं. उंच उडीत १.८९ मीटर उडी मारणारी पूजा सिंग अठरा वर्षांची. हरियाणातल्या गवंड्याची मुलगी. बांबू आडवा लावून आणि पलीकडे भुशाची पोती टाकून ती उडी शिकली. शंभर मीटर अडथळ्यांत जिंकलेली ज्योती याराजी विशाखापट्टणमची, वडील सुरक्षारक्षक आणि आई दवाखान्यात सफाईकाम करणारी. हेप्टॅथलॉन म्हणजे दोन दिवसांत सात खेळ. त्यात ५,९४१ गुण घेऊन पहिली आलेली नंदिनी अगसरा ही चहा विकणाऱ्या बापाची लेक. पाच हजार आणि दहा हजार मीटर अशी दोन सुवर्णं घेणारा गुलवीर सिंग लष्करातला. राहिलेली दोन सुवर्णं रिलेची.

आता याचं कौतुक कसं होतं ते आपल्याला पाठ आहे. 'गरिबीवर मात', 'जिद्दीच्या जोरावर'. बातमी देणाऱ्याला गरिबी म्हणजे स्टीपलचेसमधला एखादा अडथळा वाटते. उडी मारली की झाली पार. ही भाषा आम्हाला मंजूर नाही. जिद्द तर आमच्याकडे पोत्याने आहे. पहाटे साडेचारला धाराशिवच्या कुठल्याही हमरस्त्यावर उभं राहा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी ट्रकच्या उजेडात धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. त्यांच्यातली किती पोरं अनवाणी धावतात ते आम्ही रोज बघतो. जिद्दीवर पदकं मिळत असती तर एकट्या कळंब तालुक्याने आशिया जिंकला असता.

मग फरक कुठे पडतो? यावर आमच्या गटात महिनाभर वाद चालला, तो इथे मांडतो.

वादाची सुरुवात एका साध्या प्रश्नाने झाली. 'अविनाश आपला आहे का?' तो लष्करात महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनचा जवान, म्हणून पोरांनी विचारलं. हा प्रश्न ऐकून काही शहाणे नाक मुरडतात. खेळात जात कशाला आणता म्हणे. मित्रांनो, खेळात जात आणणारे आम्ही नव्हे. २०१८ साली हिमा दासने फिनलंडमध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत चारशे मीटरचं सुवर्ण जिंकलं, त्यानंतर इंटरनेटवर तिच्या नावापुढे 'जात' हा शब्द शोधणाऱ्यांची रांग लागली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियोत भारताचा महिला हॉकी संघ उपांत्य फेरीत हरला, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून नाचले आणि जातीवरून शिव्या दिल्या. ज्या मुलीने त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले, तिच्या दारात हे झालं. जिंकलीस तर तू भारताची, हरलीस तर तुझ्या जातीची. हा हिशोब आपण पळवणकर बाळूंच्या काळापासून ओळखतो. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाला पुण्याच्या क्लबात चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. मैदानावर चेंडू मात्र त्यानेच टाकायचा.

तरीही आमचं म्हणणं असं की 'आपला आहे का' या प्रश्नात आपण अडकू नये. अविनाशच्या जातीची चौकशी आम्ही केलेली नाही, करणारही नाही. विचारायचंच असेल तर दुसरं विचारा. वीटभट्टीवरच्या घरातून ट्रॅकपर्यंत त्याला नेणारी संस्था कोणती? उत्तर बिल्ल्यावर लिहिलेलं आहे. बारावीनंतर तो सैन्यात गेला. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला, सिक्कीममध्ये राहिला. २०१५ च्या सुमारास लष्कराच्या क्रॉस कंट्री शर्यतींत धावू लागला, तिथून स्टीपलचेसकडे वळला. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळ देत रौप्य घेतलं. पहिला आलेला केनियाचा धावपटू त्याच्या फक्त ०.०५ सेकंद पुढे होता. १९९८ पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाबाहेर गेली नव्हती. हे सगळं पगार, रोजचं जेवण, बूट, प्रशिक्षक आणि सरावाला मोकळी वेळ मिळाल्यावर झालं. आधी नाही.

आणि ही रेजिमेंट आभाळातून पडलेली नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केले. सुभेदार रामजींची पिढी त्यासाठी धडपडली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ ला मोडली. पुढे बाबासाहेबांनी हा प्रश्न सोडला नाही. १९४१ च्या जुलैमध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सुरुवातीला तिच्या बोधचिन्हावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. आज त्या रेजिमेंटमध्ये सगळ्या जातींचे जवान आहेत आणि ते योग्यच आहे. त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आमच्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. एकीकडे वतनाची गुलामी सोडा म्हणून सांगायचं आणि दुसरीकडे पगाराच्या नोकरीची दारं उघडायची, ही दोन्ही कामं एकाच वर्षातली. तडवळ्याला दर फेब्रुवारीत आपण जातो. हा धागा भाषणांत क्वचितच येतो.

आता तारीख बघा. १ ऑक्टोबर २०२३, म्हणजे रेजिमेंटच्या स्थापनादिनीच, हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अविनाशने ८:१९.५० वेळेत स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं. योगायोगच, आम्ही त्याला जास्त वजन देत नाही. पण त्याच दिवशी त्याच मैदानावर नंदिनी अगसराला हेप्टॅथलॉनचं कांस्य मिळालं, आणि तिची गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते.

नंदिनी तेलंगणाच्या समाजकल्याण निवासी शाळेची विद्यार्थिनी. आपल्याकडे 'समाजकल्याणचं हॉस्टेल' हे शब्द उच्चारले की पातळ डाळ, गळकं छत आणि न मिळालेला निर्वाहभत्ता आठवतो. तेलंगणात २०१२ ते २०२१ या काळात या शाळांचं सचिवपद आर. एस. प्रवीणकुमार या आयपीएस अधिकाऱ्याकडे होतं. याच शाळांची मालावत पूर्णा ही आदिवासी मुलगी २०१४ च्या मे महिन्यात, वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्टवर गेली. तिच्यासोबत त्याच व्यवस्थेतला आनंदकुमार हा दलित मुलगाही होता. एकाच खात्याच्या वसतिगृहांतून एव्हरेस्टवीर आणि आशियाई विजेती निघते, तेव्हा ते त्या मुलांच्या एकट्याच्या जिद्दीचं काम नसतं. कुणीतरी मैदान दिलं, शिक्षक दिला, दूध-अंडी दिली आणि वर्षानुवर्षं देत राहिलं.

हांगझोऊत नंदिनीच्या मागे अवघ्या चार गुणांनी चौथी आली स्वप्ना बर्मन. जकार्तातल्या २०१८ च्या सुवर्णाची मानकरी आणि रिक्षा ओढणाऱ्या बापाची लेक. तिने नंदिनीच्या स्त्री असण्यावरच जाहीर शंका घेतली, मग ती पोस्ट काढून टाकली. दोन कष्टकरी घरांतल्या मुली आणि एक पदक. या प्रकरणावर आपल्या लोकांनीही चवीने विनोद केले, त्याचा आम्हाला संताप आला. मुलीने जरा वेगात धावून दाखवलं की तिचं शरीर तपासायला गाव गोळा होतं, मग ते हांगझोऊ असो की परंडा.

आमच्या काही तरुण मित्रांची तक्रार वेगळी होती. हे खेळाडू पदक घेतात, पण बाबासाहेबांचं नाव घेत नाहीत, अन्यायावर बोलत नाहीत. त्यांना आम्ही १९६८ ची मेक्सिको ऑलिंपिक आठवायला सांगितली. दोनशे मीटरच्या पदकमंचावर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या काळ्या धावपटूंनी काळे हातमोजे घालून मूठ वर केली. गरिबीची खूण म्हणून पायात बूट नव्हते. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा गोरा पीटर नॉर्मन छातीवर त्यांच्याच मानवी हक्कांचा बिल्ला लावून उभा राहिला. आपल्या पँथरला ज्या अमेरिकन चळवळीवरून नाव मिळालं, तिच्याच काळातलं हे चित्र. पण पुढे काय झालं? स्मिथ-कार्लोसना संघातून काढून घरी पाठवलं आणि पुढची कित्येक वर्षं हाल झाले. नॉर्मनची त्याच्या देशाने उपेक्षा केली. २००६ मध्ये तो गेला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस आले. अशी किंमत दुसऱ्याने मोजावी म्हणून आपण स्टेटसवरून हट्ट धरायचा नसतो. वर्दीतल्या जवानाकडून तर नाहीच. बोलण्याचं काम आपलं आहे, त्यासाठी आपल्याला कुणी संघातून काढणार नाही.

तर बोलू या. आमच्या धाराशिव जिल्ह्याने सारिका काळे दिली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची ती कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती. घरात वर्षानुवर्षं एकवेळच्या जेवणावर दिवस काढून ती तिथवर गेली. पण खो-खोच का? आमचा अंदाज सरळ आहे. खो-खोला दोन खांब आणि माती पुरते. स्टीपलचेसला ट्रॅक लागतो, जड लाकडी अडथळे लागतात आणि पाण्याने भरलेला खड्डा लागतो. आमच्या जिल्ह्यात पाण्याचा खड्डा म्हटलं की लोक आधी हंडे घेऊन येतील! विनोद बाजूला ठेवा. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपलं नाव आहे, दिवाळी झाली की ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची पोरं शाळेच्या पटावरच उरतात. अशा मुलांसाठी वसतिगृह हीच एकमेव जागा आहे जिथे वर्षभर सलग सराव होऊ शकतो.

आम्ही स्वतः सात वर्षं एका सरकारी वसतिगृहात काढली. नाव लिहीत नाही. तिथे मैदान होतं, म्हणजे कागदावर होतं. प्रत्यक्षात तिथे बांधकामाची खडी पडलेली असायची. खेळाच्या साहित्यात एक कॅरम आणि हवा गेलेला व्हॉलीबॉल. गेल्या महिन्यात तिथे जाऊन आलो. खडी गेली आहे, आता गाड्या लावतात.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकणार नाही. गुमीत ही पदकं मिळत होती त्याच मे महिन्यात आपल्या राज्यात सामाजिक न्याय विभागाचे चारशे कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले म्हणून खुद्द त्या खात्याचे मंत्री जाहीर ओरडत होते. बहिणींना पैसे मिळावेत, आमचा विरोध नाही. पण ते अनुसूचित जातींच्या मुलांच्या ताटातून काढून का? उमरग्याच्या चौकातून हैदराबादचा रस्ता सरळ जातो. १९४८ पर्यंत आपण आणि ते एकाच निजामाची रयत होतो. त्यांच्या वसतिगृहातली मुलगी आशियात पहिली येते आणि आपल्या वसतिगृहातली मुलगी आठशे मीटर मोजायला रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडाचा आधार घेते.

यंदा आमच्या मंडळाने जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करून सहा जोड स्पाइक्सचे बूट आणि दोन स्टॉपवॉच घेतले. यावरून मंडळात भांडण झालं, दोन जण अजून बोलत नाहीत. बूट मात्र तीन आठवड्यांत झिजले, इतके वापरले गेले. एका मुलीच्या आठशे मीटरच्या वेळेत अकरा सेकंदांची घट झाली, ती वहीत लिहून ठेवली आहे.

पुढचं काम ठरलं आहे. जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांतली अनुसूचित जाती-नवबौद्ध मुलामुलींची शासकीय वसतिगृहं आणि निवासी शाळा आम्ही एकेक करून बघणार आहोत. मैदान किती लांब-रुंद, क्रीडाशिक्षक आहे का, खेळावर वर्षाला किती खर्च झाला, मुलींना संध्याकाळी किती वाजेपर्यंत बाहेर खेळू देतात. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकले आहेत. उत्तरं येतील तेव्हा येतील, मैदान मोजायला त्यांची वाट बघायची गरज नाही. तुळजापूर, लोहारा आणि उमरगा इथले साथी तयार आहेत. भूम-परंड्याला आम्ही स्वतः जाऊ. कळंब आणि वाशीसाठी प्रत्येकी दोन माणसं हवीत, मोटारसायकल असलेली. पन्नास मीटरचा टेप आमच्याकडे आहे.