शिकवणीच्या गाडीची प्रतिकृती

नांदेड आणि लातूर ही शिकवण्यांची शहरे म्हणून ओळखली जातात, आणि दप्तरांनी खच्चून भरलेली मारुती ओम्नी तेथील सकाळचा अविभाज्य भाग होऊन बसली. 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबल्यामुळे तिची प्रमाणबद्ध प्रतिकृती, म्हणजे सर्व मापे एकाच पटीने लहान केलेली गाडी, तयार संचाविना घडवण्याला आता नोंदीचेही मोल आले आहे. 1:24 प्रमाणात 3,370 मिलिमीटर लांबीची ओम्नी सुमारे 140 मिलिमीटरची होते. हिशेब सोपा असला तरी खरी पंचाईत जाडीची असते. कारण 3 मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे हलक्या फेसाळ प्लॅस्टिकचा पुठ्ठा, या प्रमाणात 72 मिलिमीटर जाडीचा ठरतो आणि पत्र्याच्या गाडीला कंधारच्या किल्ल्याची तटबंदी चढते. म्हणून खिडक्यांच्या कडा आतून तिरप्या तासाव्या लागतात किंवा सांगाड्यावर पातळ कार्डशीट चिकटवावी लागते. इंजिन पुढच्या आसनांखाली असल्याने ओम्नीला बॉनेट नाही, आणि त्यामुळे ती करायला सोपी वाटते. परंतु लपायला वळणे नसल्यामुळे पुढच्या काचेचा उतार किंचित चुकला तरी ती दुसरीच कोणती गाडी दिसू लागते. सरकते दार खरोखर सरकवण्याचा मोह मात्र आवरलेला बरा, कारण त्याची पट्टी एवढ्या लहान मापात हमखास अडकते (खऱ्या, जुन्या ओम्नीतही ती अडकतच असे, हा भाग वेगळा).