बेचाळीसमधून सतरा

डी.एड.चे सराव पाठ ठरलेल्या साच्यात व्हायचे: एक वर्ग, एक विषय, एक तासिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले, तर पहिली आणि दुसरी एकाच खोलीत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक मिळतात. तिसरी-चौथी मुख्याध्यापक गुरुजींकडे, उरलेली सगळी माझ्याकडे. भिंतीवर लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही, फरशीवर ज्ञानरचनावादाच्या लाटेत रंगवलेल्या अंकांच्या चौकटी, कपाटात मणी आणि अंककार्डं. इतकं साहित्य हाताशी असूनही सकाळी नेमकी सुरुवात कशानं करायची, तेच मला सुचत नव्हतं.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलंय. त्या बातमीनं मी भारावून गेले होते. पुस्तक उघडायचं, कोड स्कॅन करायचा आणि पडद्यावर पाठ सुरू, हे चित्र मनात घेऊनच मी शाळेत आले. गावात रेंज नीट मिळत नाही, म्हणून व्हिडिओ तालुक्याच्या गावी उतरवून पेनड्राइव्हवर आणायला लागले. तेवढं जमलं. पण दुसरीसाठी व्हिडिओ लावला की पहिलीची पोरंही पाट्या खाली ठेवून पडद्याकडे तोंड करून बसत. आता कुणाला काय सांगू?

दुसरीला हातच्याची वजाबाकी चालली होती. व्हिडिओ सुरेख होता. ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा करू,’ हे वाक्य पोरं पडद्याबरोबर तालात म्हणत. मग मी फळ्यावर ४२ वजा १७ मांडलं. अर्ध्याअधिक पाट्यांवर उत्तर आलं ३५. टीव्हीवर स्वाध्याय होता, त्यात ३५ भरलं की लाल फुली यायची आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ ऐकू यायचं. एक मुलगी मान खाली घालून पुन्हा पुन्हा ३५च भरत राहिली.

मधल्या सुट्टीत गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, उत्तर चूक आहे हे यंत्रानं सांगितलं. तिनं ते काढलं कसं, हे तिलाच विचारा की.”

विचारलं. तिनं शांतपणे समजावून दिलं, “सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान काढायचं असतं ना, बाई?”

पोरीचं काही चुकलं नव्हतं. ‘मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची’ असं आपणच तर तिला शिकवलेलं. तिनं तो नियम प्रत्येक घराला प्रामाणिकपणे लावला होता. कुठलाही व्हिडिओ थांबून तिला हे विचारणार नव्हता.

गुरुजींनी कपाटातून खराट्याच्या काड्या आणि रबरं काढून दिली. मी तिच्यापुढे दहा-दहाचे चार गठ्ठे ठेवले, दोन काड्या सुट्या. म्हटलं, “यातल्या सतरा मला दे.” तिनं एक गठ्ठा चटकन दिला. मग दोन सुट्या काड्या दिल्या आणि हात थांबला. बराच वेळ ती गठ्ठ्यांकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. ते गप्प राहणं मला फार जड गेलं. शेवटी तिनं एका गठ्ठ्याचं रबर काढलं, पाच काड्या मोजून माझ्या हातात ठेवल्या, उरलेल्या मोजल्या आणि पाटीवर लिहिलं २५.

दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ पुन्हा लावला. आवाज यायच्या आधीच ती ओरडली, “आता रबर काढणार!” तेव्हा माझ्यापुरता क्रम पक्का झाला: आधी काड्या, मग पडदा. व्हिडिओ अजूनही लावते, पण मध्येच थांबवते आणि पुढं काय होईल ते विचारते. तेवढ्या वेळात पहिलीला मणी ओवायला दिलेले असतात.

मोबाइलचा मात्र एक फार चांगला उपयोग सापडला. पोरांचं वाचन रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवते. एकेक अक्षर सुटं वाचणारा मुलगा स्वतःचा आवाज ऐकून म्हणाला, “बाई, पुन्हा वाचू का?” मी दहादा सांगून जे होत नव्हतं, ते त्यानं आपणहून केलं.

अ‍ॅप कसं उघडायचं, माहिती कशी भरायची, हे प्रशिक्षणांत शिकवतात आणि ते आम्ही नवे शिक्षक चटकन शिकतो. प्रशिक्षणं आखणाऱ्यांना म्हणूनच मनापासून विनंती आहे: एखाद्या भरलेल्या द्विशिक्षकी शाळेत या. दोन इयत्ता, एक पडदा आणि ३५ उत्तर काढणारी मुलगी समोर असताना पुढची दहा मिनिटं काय करायचं, ते आम्हाला तिथं करून दाखवा.