शिळा झालेला उद्या

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अनाहाइम शहरात डिस्नेलँड ही करमणुकीची बाग आहे. तिच्यात १७ जुलै १९५५ रोजी 'टुमॉरोलँड', म्हणजे उद्याची भूमी, उघडली. १९८६ साली जग कसे असेल, ते तेथे दाखवले होते. १९८६ आले आणि गेले. उद्या शिळा झाला!

१९६७ मध्ये या भागाला नवे रूप दिले. डोक्यावरून जाणाऱ्या मार्गावर 'पीपलमूव्हर' ही संथ, न थांबणारी गाडी आली. म्हातारेकोतारे, लेकरेबाळे, सारे तिच्यात बसत. ती १९९५ मध्ये बंद झाली. १९९८ मध्ये त्याच मार्गावर वेगवान 'रॉकेट रॉड्स' आल्या, त्या २००० मध्ये थांबल्या. त्यानंतर मार्ग रिकामाच राहिला.

या बागेचे चाहते आजही वाद घालतात. कोणी म्हणतो, सांगाडा पाडा, नवे उभारा. कोणी म्हणतो, १९६७ चेच रूप परत आणा. तिसरा म्हणतो, सालच सांगू नका, म्हणजे शिळे होणार नाही.

वाचकहो, रंग बदलून उद्या ताजा होत नाही. तेथेच १९५५ पासून 'ऑटोपिया'त मुले आपापली छोटी मोटार चालवतात. एकेकट्याची मोटार की सर्वांची गाडी? उद्या कोणाचा, हे आधी ठरवावे. रंग मग द्यावा.