तड्याची तारीख

ऑगस्ट लागला की पुण्या-मुंबईत शाडूच्या गणपतीच्या कार्यशाळांच्या जाहिराती दिसू लागतात. एरवी मातीला हात न लावणारी माणसं एका सकाळी मूर्ती घडवतात, तिचे फोटो काढतात आणि ओली मूर्ती मांडीवर सांभाळत घरी नेतात. काम अजून अर्धंच झालंय, हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही. दोन-तीन दिवसांनी सोंडेच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसते, मग ती रुंदावते, हात खांद्यापासून सुटा होऊ पाहतो. मग आरोपी शोधायला सुरुवात होते: रात्रभर पंखा चालू राहिला, मुलाने हात लावला, मातीच भेसळीची होती. आपल्याकडे भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, त्यामुळे या चिडीत थोडी धास्तीही मिसळते आणि भेग बुजवायची घाई होते. बोटाला पाणी लावून ओली माती भरली जाते. दुसऱ्या दिवशी भेग पुन्हा तिथेच हजर, कारण भरलेली माती सुकताना आकसते आणि भोवतालच्या सुकलेल्या मातीचं आकसणं कधीच संपलेलं असतं.

मातीचे कण सूक्ष्म चकत्यांसारखे असतात आणि ओल्या मातीत त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. त्या थरामुळे चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि माती बोटांचं ऐकते. पाणी उडू लागलं की चकत्या जवळ सरकतात, वस्तू लहान होते. त्या एकमेकींना टेकल्या की आकसणं जवळजवळ थांबतं. उरलेली ओल नंतर निघून जाते, पण आकार फारसा बदलत नाही. म्हणजे खरा धोका पहिल्या टप्प्यातच असतो, मूर्ती अजून गडद, ओलसर आणि निर्धोक दिसत असते तेव्हा. पातळ कान आणि बोटं आधी आकसतात, जाड पोट मागे राहतं आणि दोघांची ओढाताण सांध्यावर येते. आत तारेचा सांगाडा असेल तर आणखी पंचाईत, कारण माती आकसते आणि तार आकसत नाही. निम्म्या सुकलेल्या खांद्याला, ओरखडे न काढता, ताजा ओला हात नुसता दाबून चिकटवला असेल, तर त्याचं निखळणं त्याच मिनिटाला ठरून गेलेलं असतं. लाकडावर पटाशी घसरली तर ढलपी तिथल्या तिथे उडते. मातीत मात्र भेग पडायचं ठरतं एका दिवशी आणि ती दिसते भलत्याच दिवशी. हौशी मूर्तिकाराचा बहुतेक वैताग या दोन तारखा एक समजण्यातून येतो, असं माझं म्हणणं आहे. आणि मातीतल्या अपयशातून काही शिकायचं असेल तर पहिली तारीख हुडकून काढावी लागते.

तारीख चुकली की कारणही चुकतं. भट्टीत मूर्ती फुटली की हौशी मंडळींचं निदान ठरलेलं: आत हवेचा बुडबुडा राहिला. खरं तर पूर्ण वाळलेल्या मूर्तीत थोडी हवा अडकलेली असली तरी ती सहसा तग धरते. फुटते ती जाड, बाहेरून कोरडी आणि आतून ओलसर मूर्ती. शंभर अंशांच्या पुढे त्या ओलीची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाटही मिळत नाही, वेळही नाही. मळण्याला कमी लेखायचं कारण नाही, एकजीव माती सगळीकडे सारखी आकसते. पण बुडबुड्यावर खापर फोडून मळण्यात अर्धा तास वाढवला आणि वाळवण्यात एक दिवसही वाढवला नाही, तर पुढची मूर्तीही फुटणार. आणि मग माणूस म्हणणार, आपल्या हाताला यशच नाही.

फुटलेली माती आपली तारीख सांगू शकते, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत नामी उदाहरण चेक प्रजासत्ताकातल्या मोरावियात आहे. दोल्नी वेस्तोनित्से या ठिकाणी १९२५ साली जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीची, भाजलेल्या मातीची स्त्रीमूर्ती सापडली, तीही दोन तुकड्यांत. ती पंचवीस हजार वर्षांहून जुनी आहे. त्या परिसरात प्राण्यांच्या छोट्या मूर्तींचे आणि मातीच्या गोळ्यांचे हजारो तुकडे मिळाले. अखंड वस्तू जवळजवळ नाहीच. पामेला व्हँडिव्हर, ओल्गा सॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तुकड्यांच्या भेगा तपासल्या आणि १९८९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडला. भेगांचं रूप उष्णतेच्या धक्क्याचं होतं, पण तिथली माती अशा धक्क्याने सहजासहजी फुटणारी नव्हती. म्हणजे वस्तू ओल्या असतानाच आगीत गेल्या असाव्यात, आणि कदाचित त्या फुटाव्यात याचसाठी मुद्दाम घातल्या असाव्यात. मुद्दाम की अनवधानाने, यावर वाद घालायला जागा आहे. मला मोह पडतो तो पद्धतीचा. इतक्या सहस्रकांनंतर एखाद्या ठिकरीवरून ‘ही आगीत गेली तेव्हा ओली होती’ असं म्हणता येत असेल, तर परवाच्या गणपतीची चौकशी अशक्य कशी असेल? भेग तारेच्या रेषेने धावत असेल तर संशय सांगाड्यावर. बैठकीच्या तळाला असेल तर मूर्ती पाटाला चिकटून राहिली असणार आणि तळाला आकसायला मोकळीक मिळाली नसणार. खाली वर्तमानपत्राचा कागद असता तर भागलं असतं. भेग कोड्यात टाकत असेल तर मूर्ती मधोमध कापावी. कुठे किती जाडी आहे ते तेव्हा दिसतं. इथे मन कच्चं होतं, हे खरं आहे. बिघडलेली वस्तूही आपण केलेली असते.

यावर एक वजनदार आक्षेप असा की अपयश शिकवतं ही नुसतीच गोड समजूत आहे. वर्षानुवर्षं तीच भेग पाडणारी माणसं प्रत्येक स्टुडिओत भेटतात. आक्षेप मला मान्य आहे. अपयश आपण होऊन काहीच शिकवत नाही. वैतागलेला माणूस पुढच्या खेपेला माती बदलतो, सांगाडा बदलतो, वाळवायची जागाही बदलतो. मग मूर्ती टिकली तरी का टिकली ते कळत नाही. त्यात हौशी माणसाच्या दोन प्रयत्नांमध्ये नोकरी, घर आणि पाहुणे येतात. मागच्या वेळी मूर्ती प्लास्टिकखाली किती दिवस झाकली होती, हे महिन्याभराने आठवत नाही. वहीत दोन ओळी लिहाव्यात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा सल्ला रुक्ष आहे खरा, पण माती उशिरा बोलते म्हणून तो लागतो.

‘मूर्तिकारांच्या पिढ्या कुठे वह्या घेऊन बसल्या होत्या?’ असंही विचारलं जातं. कोलकात्याच्या कुमारटुलीत बांबू-पेंढ्याच्या सांगाड्यावर दुर्गा घडते. मातीचा थर वाळताना तडकतो आणि तो तडकणार हे धरूनच पुढचं काम आखलेलं असतं: भेगांवर पातळ चिखलात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, त्यावर बारीक मातीचा हात. पेणच्या कारखान्यातली शाडूची मूर्ती सावलीत वाळते ती उगीच नव्हे. या रीतींत जुन्या भेगांचाच हिशेब आहे. कुणीतरी कधीतरी त्यांच्या तारखा लावल्या म्हणून आजच्या कारागिराला त्या लावाव्या लागत नाहीत. कारखान्यात शिकणाऱ्या पोराच्या शेजारी त्याचा काका बसलेला असतो. सदनिकेच्या गॅलरीत एकट्याने माती घेऊन बसणाऱ्याला असा काका नाही, त्याला वहीवर भागवावं लागतं.

छंद हा छंद आहे, त्याची प्रयोगशाळा कशाला करायची, हा आक्षेप मात्र मला तितका पटत नाही. भेगांची कटकटच नको असेल तर तेलकट माती आहे. विल्यम हारबट या इंग्रज कलाशिक्षकाने १८९७ मध्ये न वाळणारी प्लॅस्टिसीन तयार केली, तेव्हापासून ही सोय आहे. पण पाणी गेलं तरी विलंब जात नाही, तो डोळ्यात शिल्लक राहतो. नवशिक्याच्या चेहऱ्यात डोळे हमखास फार वर बसतात, कारण कपाळ आणि टाळू यांना लागणारी जागा आपण मोजतच नाही. प्रत्यक्षात डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. ही चूक पहिल्या दहा मिनिटांत होते आणि पापण्या, भुवया, नाकपुड्या मन लावून कोरून झाल्यावर लक्षात येते. तोवर त्या पापण्यांवर इतका जीव जडलेला असतो की माणूस डोळे खाली आणण्याऐवजी कपाळावर केस लादतो. इतका लबाड आनंद फार काळ पुरत नाही, एवढंच मी म्हणेन.

अशा वेळी फ्रेंच शिल्पकार रोदँची गोष्ट दिलासा म्हणून सांगतात. १८६३-६४ च्या हिवाळ्यात, शेगडी नसलेल्या स्टुडिओत त्याने घडवलेलं एका मोडक्या नाकाच्या माणसाचं डोकं गारठलं, मागचा भाग गळून पडला आणि नुसता मुखवटा उरला. पॅरिसच्या सालों या कलाप्रदर्शनाने तो नाकारला. पुढे त्याच चेहऱ्याची संगमरवरी आवृत्ती १८७५ मध्ये स्वीकारली. अपघातही कला होते, असं तात्पर्य यातून काढलं जातं. मला ते फसवं वाटतं. मागचा भाग पडल्यावर उरलेल्या चेहऱ्याला स्वतःचा तोल होता, कारण तो आधीच तितका पक्का घडलेला होता. थंडीने फक्त डोकं मोडलं. कच्च्या चेहऱ्याचा मागचा भाग गळून पडला असता तर नुसता ढिगारा उरला असता आणि आपण आज त्याबद्दल बोलत नसतो.

मोडलेल्या मूर्तीचं करायचं काय, याचं उत्तर ती भाजली आहे की नाही यावर ठरतं. न भाजलेली मूर्ती पूर्ण कोरडी होऊ द्यावी आणि मग पाण्यात सोडावी. खडखडीत वाळलेली माती पटकन विरघळते, अर्धओली गुळगुळीत गोळा होऊन तशीच बसते. मात्र कापून पाहण्याआधी भिजवू नये, पुरावा जातो. भट्टीत सुमारे सहाशे अंश पाहिलेली माती पुन्हा माती होत नाही. तिची ठिकरी कुटून, चाळून नव्या मातीत मिसळली तर ती माती कमी आकसते आणि भेगाही कमी पडतात. मोठ्या, जाड कामाला ती चालते. चेहऱ्याच्या बारीक कामात मात्र तिची खर बोटांना टोचते आणि ओठांची कड स्वच्छ येत नाही.