ओपन द लाइट

बेळगावचा पाऊस, संध्याकाळची वेळ आणि मी दिवा न लावता लॅपटॉपसमोर बसलेली. पलीकडे माझी चिनी मैत्रीण. आठवड्यातून एकदा आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलतो. ती इंग्रजीचा सराव करते, मी तिच्याकडून चार चिनी शब्द शिकते. माझा चेहरा दिसेना म्हणून ती म्हणाली, "प्लीज ओपन द लाइट."

मला हसू फुटलं. लाइट म्हणजे काय डबा आहे का उघडायला, असं मी तिला विचारलंसुद्धा. तीही हसली. पण मग 'येस' आणि 'नो' एवढंच बोलत राहिली. त्या दिवशी कॉल लवकरच संपला.

रात्री जेवताना पप्पा म्हणाले, "अगं, तो पंखा बंद कर जरा." आणि माझा घास हातातच राहिला. पीयूसीच्या पहिल्या वर्षी, मराठी शाळेतून नुकतीच आलेली मी भर वर्गात म्हणाले होते, "मॅडम, शॅल आय क्लोज द फॅन?" मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत हशा. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. खरं तर माझा हिशोब सरळ होता. मराठीत दार बंद, दुकान बंद, तसा पंखाही बंद. इंग्रजीत मात्र दार 'क्लोज' करायचं नि पंखा 'टर्न ऑफ'.

पुढच्या कॉलला मी आधी सॉरी म्हटलं आणि ही फॅनची गोष्ट सांगितली. ती पोट धरून हसली. मग तिनं तिचा हिशोब मांडला. चिनीत 'खाय' असं एक क्रियापद आहे. 'खाय मन' म्हणजे दार उघडणं, 'खाय तंग' म्हणजे दिवा लावणं. गाडी चालवायची तरी 'खाय', मीटिंग भरवायची तरी 'खाय', फूल उमललं तरी 'खाय'. मग ती 'ओपन द लाइट' नाही म्हणणार तर काय म्हणणार?

मी सांगितलं, जे मिटलेलं किंवा झाकलेलं असतं, ते 'ओपन' करायचं: दार, डोळे, पुस्तक, छत्री. विजेवर चालतं ते 'टर्न ऑन'. तिनं लगेच विचारलं, "दुकान उघडं असलं तर 'द शॉप इज ओपन', मग बंद असलं तर 'इज क्लोज' का नाही? 'क्लोज्ड' का?" आता आली का पंचाईत! इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी मी, पण 'तसंच म्हणतात' यापलीकडे उत्तर सुचेना.

मग मी तिला आमचं 'लाव' सांगितलं. दिवा लाव म्हणजे चालू कर, आणि दार लाव म्हणजे बंद कर. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि तू मला हसलीस?"

निरोप घेताना तिनं आणखी एक शब्द दिला, 'खाय शिन'. 'शिन' म्हणजे हृदय. हृदय उघडलं की माणूस आनंदी, असा त्याचा अर्थ.

आता कुणाचं इंग्रजी अडखळलं, तर मी आधी विचारते, "तुमच्या भाषेत हे कसं म्हणतात?" हसायचं असेल तर मग दोघं मिळून हसतो.