शेपटीखालचा टेकू

अमरावतीच्या विमानतळावर, बेलोऱ्याला, मुंबईचं विमान येऊन थांबलं. प्रोपेलर मंदावले, सगळ्यांच्या नजरा दाराकडे लागल्या. माझी नजर मात्र एका कामगारावर खिळली. तो एक लांबसा दांडा घेऊन शेपटीकडे गेला, वरचं टोक विमानाच्या बुडाला अडकवलं, खालचं जमिनीवर टेकवलं, हाताने हलवून पाहिलं आणि बाजूला झाला. मग माणसं उतरू लागली. धाकटी बहीण बॅग ओढत बाहेर आली, ‘दादा, लक्ष कुठे आहे?’ म्हणाली, तरी मी त्या दांड्याकडेच बघत होतो.

अमरावतीला प्रवासी विमान येऊ लागलं ते १६ एप्रिल २०२५ पासून. अलायन्स एअरचं ए.टी.आर. ७२-६००, दोन प्रोपेलरचं, सत्तर माणसांचं. यात चढायचं-उतरायचं ते मागून. पुढचं मोठं दार सामानाचं. त्यामुळे विमान थांबलं की पुढचं ओझं उतरतं, आणि नेमकी त्याच वेळी माणसं उठून मागे दाटी करतात. सगळा भार पोटाखालच्या चाकांच्या मागे गेला तर नाक वर उचलायचं आणि शेपूट जमिनीला टेकायची. म्हणून तो टेकू. तुलूजच्या कारखान्यात एवढ्या हिशेबाने घडवलेल्या यंत्राला जमिनीवर साधा दांडा आधाराला लागतो, याचं मला फार अप्रूप वाटलं. तोल हा विषयच असा आहे, तिथे लहानमोठं कोणी नसतं.

घरी टेबलावर माझं ए.टी.आर.चं मॉडेल तुकड्यांत पडलेलं होतं. माप १/१४४, म्हणजे खऱ्या बारा फुटांचा एक इंच. प्रवासी विमानांची मॉडेलं बहुतेक याच मापात करतात, जम्बोसुद्धा कपाटात मावतं. माझ्या हाती आलेला जुना किट ए.टी.आर. ४२ चा होता आणि मला हवं होतं बेलोऱ्याला उतरणारं ७२. दोघं सख्खी भावंडं. ४२ पहिल्यांदा उडालं १९८४ च्या ऑगस्टमध्ये, ७२ त्यानंतर १९८८ च्या ऑक्टोबरमध्ये. वयाने थोरलं ४२, अंगाने थोरलं ७२. एकाची लांबी २२.६७ मीटर, दुसऱ्याची २७.१७. फरक साडेचार मीटरांचा, माझ्या मापात ३१ मिलिमीटर.

हे ३१ मिलिमीटर एकाच जागी घुसवून भागत नाही. खऱ्या विमानातही पंखाच्या पुढे एक आणि मागे एक असे धडाचे दोन तुकडे वाढवले, नाहीतर तोल कुठल्या कुठे गेला असता. म्हणून मॉडेलही दोनदा कापायचं. धडाभोवती चिकटपट्टी गुंडाळायची. फिरून आलेली कड पहिल्या कडेवर बरोबर बसली म्हणजे रेघ सरळ. मग तिला टेकवून बारीक दात्यांची करवत, धड फिरवत फिरवत, हलक्या हाताने. घाई केली की प्लास्टिक तापतं आणि करवतीला धरून बसतं.

मधलं धड आणायचं कुठून? पुष्कळ जण दुसरा किट घेऊन त्याचं पोट कापतात. एकाच्या पायी दुसरा वाया घालवणं मला पटत नाही. खऱ्या विमानाच्या धडाची रुंदी २.८६ मीटर, माझ्या मापात वीस मिलिमीटरला केसभर कमी. आणि घरोघरी भिंतीतून वायर न्यायला जो पाइप घालतात, त्याचा बाहेरचा व्यास वीस मिलिमीटरच! अकोल्यात जुन्या कॉटन मार्केटजवळ इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो.

‘किती नग देऊ जी?’

‘एक बित्ता पुरे.’

‘बित्ताभर? कायले लागते?’

‘इमान लांब करायचं हाय.’

तो माझ्याकडे पाहत आत गेला, कापून उरलेला एक तुकडा आणून समोर ठेवला आणि पैसे घेईना. ‘झालं की दाखवा बरं आमाले,’ एवढंच म्हणाला. अकोल्याच्या बाजारातली ही माणसं मला फार आवडतात.

पाइप पी.व्ही.सी.चा आणि किट पॉलिस्टायरिनचा. मॉडेलचं सिमेंट पॉलिस्टायरिनला वितळवून एकजीव करतं, पी.व्ही.सी.पुढे त्याचं काही चालत नाही. तिथे अ‍ॅरल्डाइट. सांध्यावर पुट्टी, ओला पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी. सांधा डोळ्यांना दिसेनासा झाला तरी बोटाला लागतो. बोटालाही लागेनासा होईपर्यंत घासत राहायचं, हा माझ्या मते या छंदातला सगळ्यात सुखाचा भाग.

धड लांबलं की ७२ झालं, असं मानणारे आहेत. मला ते मान्य नाही. पंखांचा विस्तार २४.५७ वरून २७.०५ मीटर झाला, म्हणजे माझ्याकडे प्रत्येक टोकाला साडेआठ मिलिमीटर हवेत. खऱ्या ७२ मध्ये बाहेरच्या पंखाचा सांगाडाच कार्बन फायबरचा केला, प्रवासी विमानात पहिल्यांदाच. ते टोक नुसता तुकडा चिकटवून काढणं म्हणजे त्या कारागिरीचा अपमान. जुन्या ४२ चे प्रोपेलर चार पात्यांचे, ७२-६०० चे सहा पात्यांचे. तेही नवे कोरायचे. शिवाय उजव्या इंजिनाच्या प्रोपेलरला ब्रेक असतो. तो लावला की आत इंजिन चालू राहून वीज आणि हवा पुरवतं, आणि बाहेर पातं हलत नाही. म्हणून माझ्या मॉडेलचा डावा प्रोपेलर फुंकर मारली की फिरेल, उजवा पक्का. विमानं ताणायची तरी किती, यावरही माझं मत आहे. डी.सी. ९ जन्मलं ३२ मीटरांचं, एम.डी. ८० होईपर्यंत ४५ मीटरांवर गेलं. मला ते नुसतं लांबट वाटतं. ए.टी.आर.चं उलट आहे. ४२ अंगाला आखूड, ७२ मध्ये त्याला ऐट आली.

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर. रंग ब्रशवरच सुकतो, आणि कूलरसमोर बसावं तर ओलाव्याने पांढरट पडतो. कापणं-घासणं उन्हाळ्यात, रंग दिवाळीनंतर.

पण ते पुढचं. लांब झालेलं धड चाकांवर उभं केलं आणि ते हळूच मागे कललं, शेपूट टेबलावर टेकली. बेलोऱ्याचा टेकू आठवला, आणि त्याही आधीची, लहानपणची बैलबंडी.

बंडीत कापूस भरायचा म्हणजे आधी चहूबाजूंनी बांबूचे उंच तट्टे बांधायचे. सालदार वरून गाठोडी ओतायचे आणि आम्ही पोरं आत उतरून कापूस खुंदायचो. पाय मांडीपर्यंत रुतायचे, नाकातोंडात तंतू जायचे, अंग खाजायचं, तरी त्या कामासाठी आमची भांडणं व्हायची. बाबा खाली उभे राहून नुसतं बघायचे. मग धुऱ्याला एका हाताने धरून वर उचलायचे, पुन्हा खाली सोडायचे. तो हात म्हणजे आमचा काटा. ‘उलार हाय. पुढं सरका रे, मागं नोका खुंदू.’ उलार बंडीत जू वर उचलतं, गळ्यातले पट्टे बैलांना आवळतात, चढावर जनावर गुदमरतं. पुढे जास्त भरलं तर मानेवर भार येतो, खांदे सोलून निघतात. बाबांना हवं असायचं ते मधलं, जू मानेवर नुसतं टेकलेलं. ते जमलं की ते धुरा सोडून द्यायचे आणि तळहात धोतराला पुसायचे. बंडी कितीही उशिरा निघाली तरी चालेल, पण हे झाल्याशिवाय त्यांनी बैल जुंपू दिले नाहीत.

रात्री निघायचो, पहाटे मूर्तिजापूर. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. केंद्राबाहेर बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत. एकेक रात्र तिथेच, बंडीखाली पोतं अंथरून. बैल सोडले की धुऱ्याखाली टेकू लावायचे, आणि बाबा मागच्या बाजूलाही एक लाकूड उभं करायचे, कारण रांगेतली माणसं येता-जाता मागच्या तट्ट्याला रेलायची. ग्रेडर यायचा, मूठभर कापूस ओढून बघायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर आमचं वर्ष ठरायचं. बाबा त्याच्याशी कधी वाद घालत नसत. पुढच्या बंडीजवळ जाऊन तिचा धुरा उचलून बघत, आणि उलार असेल तर त्या शेतकऱ्याला सांगत. अनोळखी माणसाच्या बैलाची काळजी करणारे बाबा मला तेव्हा कळले नव्हते. आता त्यांच्यासारखंच मॉडेलचं नाक बोटाने उचलून बघतो, टायरच्या दुकानातून आणलेलं शिसं कॉकपिटमागे थोडं थोडं दाबतो, पुन्हा बघतो.

त्या मूर्तिजापूरवरून आता भरधाव रस्ता जातो. अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना दरम्यान एका लेनमध्ये ७५ किलोमीटर डांबर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत घातलं, गिनेस बुकात नोंद झाली. आणि अकोल्याची शिवणीची धावपट्टी? १९४३ साली बांधलेली, लांबी १४०० मीटरच्या आसपास. ती १८०० करायची, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. शेजारी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन आहे, कागद पुढे-मागे होत राहतात. ए.टी.आर. ७२ ला समुद्रसपाटीवर, थंड हवेत, भरल्या अंगाने उडायला साधारण १३०० मीटर पुरतात. आमच्या मे महिन्यातल्या विरळ हवेत ते पुरायचे नाहीत. अमरावतीने आपली धावपट्टी १८५० वर नेली, आणि विमान आलं. मला अमरावतीचा हेवा नाही, अभिमान आहे. पण अकोल्याचा माणूस मुंबईकडे पाठ करून शंभर किलोमीटर गाडी चालवतो आणि मग विमानात बसतो, हे मला मनापासून खुपतं.

१/१४४ च्या मापात शिवणीची धावपट्टी ९ मीटर ७२ सेंटीमीटर भरते. बहिणीच्या मुलाने ती आमच्या गच्चीवर खडूने आखली; या कठड्यापासून निघते आणि पाण्याच्या टाकीपाशी संपते. १८०० मीटरसाठी साडेबारा मीटर लागतील. प्लंबरशी बोलणं झालं आहे, टाकी जिन्याच्या छपरावर चढवता येईल म्हणतो.